फोटोग्राफर ठरवताना कागद हवा

आम्ही कपड्याचे व्यापारी पूर्ण ठाण उलगडून पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. मग लग्नाचा फोटोग्राफर मात्र निवडक फोटोंच्या अल्बमवर का ठरवावा? त्याच्याकडे एकाच लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे फोटो मागावेत. हॉलच्या रंगीत दिव्यांत लाल शालू तपकिरी आणि जर काळपट दिसते का, हे त्यातच कळते.

भावात फार घासाघीस करू नये, तोही कारागीरच. पण बयाणा देण्यापूर्वी निकाह-वलिम्याचे तास, अल्बमची तारीख, जनान्यात बाई फोटोग्राफर येणार की नाही, सारे लिहून घ्यावे.

खरी गोष्ट मालकीची. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन काढवलेल्या फोटोंचा पहिला मालक काढवून घेणारा असतो. मात्र उलट करार नसेल तरच. करारात बारीक अक्षरांत हा हक्क फोटोग्राफरकडे ठेवलेला असला, की आपल्या लेकीसुनांचे फोटो त्याच्या इन्स्टाग्रामवर जाहिरात म्हणून झळकले तरी कॉपीराइटच्या आधारे बोलायला जागा उरत नाही. ती ओळ खोडून दोघांनी तिथेच सही करावी. राजी नसेल, तर दुसरा पाहावा.