वातावरण : पृथ्वीचे चीवर

विहारात आपण ध्यानाला बसतो तेव्हा पहिला पाठ असतो आनापानसतीचा. श्वास आत येत आहे हे जाणायचे, श्वास बाहेर जात आहे हे जाणायचे. गरीब असो वा श्रीमंत, शिकलेला असो वा निरक्षर, श्वास प्रत्येकाजवळ जन्मापासून मरणापर्यंत असतो. परंतु जी हवा आपण आत घेतो ती काय आहे, कोठून आली आणि ती बिघडली तर काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. विद्यार्थी बंधू-भगिनींनी व उपासक-उपासिकांनी तो करावा, यासाठी हा लेख.

भिक्खू चीवर परिधान करतात ते शोभेसाठी नव्हे. ऊन, थंडी, वारा, डास-माश्या यांपासून शरीराचे रक्षण व्हावे एवढाच त्याचा हेतू असतो. पृथ्वीनेही असेच एक चीवर पांघरले आहे. त्यालाच आपण वातावरण म्हणतो.

हवेत काय आहे?

कोरड्या हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नायट्रोजन, २१ भाग प्राणवायू आणि जवळजवळ १ भाग अरगॉन असतो. कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. याशिवाय कमीअधिक प्रमाणात पाण्याची वाफ असते. हवेला वजन आहे. समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार पडतो. शरीराच्या आतूनही तेवढाच दाब असल्यामुळे तो आपल्याला जाणवत नाही.

हे चीवर फार जाड नाही. हवेचा निम्मा साठा जमिनीपासून साडेपाच किलोमीटरच्या आतच आहे. मुंबईहून ठाण्याला जाण्यास लागते त्याहून कितीतरी कमी अंतर सरळ वर गेलो, तर माणसाला श्वास घेणे कठीण होईल.

प्राणवायू आणि अन्न

विश्रांती घेत असलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते सोळा वेळा श्वास घेतो. प्रत्येक वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. आत जाताना तिच्यात २१ टक्के प्राणवायू असतो, बाहेर येताना साधारण १६ टक्के. मधला प्राणवायू रक्तातून पेशींपर्यंत जातो आणि अन्नातील शक्ती मोकळी करतो.

हा प्राणवायू पृथ्वीवर मुळापासून नव्हता. पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे आहे. समुद्रातील अतिसूक्ष्म हरित-निळ्या जीवाणूंनी सूर्यप्रकाशात अन्न तयार करताना प्राणवायू बाहेर टाकला आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला. आजही नव्याने तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ निम्मा समुद्रातील सूक्ष्म वनस्पती व जीवाणू देतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. हे खरे नाही. प्राणवायू सोडण्यासाठी प्रकाश लागतो. रात्री पिंपळही इतर झाडांप्रमाणे श्वसन करतो व थोडा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. बोधिवृक्षाला आपण वंदन करतो ते त्याच्या छायेत सिद्धार्थ गौतमाला सम्यक संबोधी प्राप्त झाली म्हणून. त्या आदराला चुकीच्या माहितीचा टेकू देण्याची गरज नाही.

नायट्रोजन आपण श्वासातून घेतो तसाच बाहेर सोडतो. तरी तो निरुपयोगी नाही. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नायट्रोजन पिकाला मिळेल अशा रूपात आणतात. ताटातील वरणात जी प्रथिने असतात, त्यांचा एक धागा असा थेट हवेपर्यंत जातो.

ऊन, थंडी आणि आघात

चंद्रावर वातावरण जवळजवळ नाही. तेथे विषुववृत्ताजवळ दिवसा तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि रात्री शून्याखाली १३० अंशांच्याही खाली जाते. पृथ्वीवर मात्र पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू जमिनीतून परत जाणारी उष्णता काही प्रमाणात अडवतात. ते नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश असते. त्यांच्यामुळे ते सुमारे १५ अंश आहे.

शुक्रावर हेच पांघरूण भयंकर जाड आहे. तेथील पृष्ठभाग सुमारे ४६० अंशांवर तापलेला आहे. मंगळावर ते इतके विरळ आहे की उष्णता टिकत नाही. जीवन दोन टोकांच्या मध्ये उभे आहे. मध्यम मार्ग मानणाऱ्यांना हे समजणे अवघड जाऊ नये.

सूर्याच्या घातक अतिनील किरणांपैकी बहुतेक किरण ओझोनचा थर शोषून घेतो. अंतराळातून येणारे लहानसहान दगड हवेच्या घर्षणाने वरच जळून जातात. फार मोठा दगड मात्र हे कवच भेदू शकतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ही त्याची खूण आहे.

माणसाची चूक आणि माणसाची दुरुस्ती

१९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोन झपाट्याने कमी होत असल्याचे जाहीर केले. कारण होते शीतकपाटे व फवारण्याचे डबे यांत वापरले जाणारे क्लोरोफ्ल्युरोकार्बन. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल येथे करार झाला. भारत त्यात १९९२ साली सहभागी झाला. जगाने ही रसायने टप्प्याटप्प्याने बंद केली आणि ओझोनचा थर आता हळूहळू भरून येत आहे. कारण शोधले, कारण दूर केले, दुःख कमी झाले. हा मार्ग आपल्याला अपरिचित नाही.

कार्बन डायऑक्साइडबाबत मात्र हे अजून साधलेले नाही. कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आता तो ४२० च्या वर गेला आहे. पांघरूण जाड होत आहे. याचा चटका सर्वांना सारखा बसत नाही. ज्याच्या घरावर पत्रा आहे, जी बाई भर उन्हात खडी फोडते, जो माणूस रस्त्यावर डांबर टाकतो, त्यांना तो सर्वांत आधी बसतो.

जेथे हवा मारते

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे, कारण ती आपल्या समाजाच्या जिवाशी निगडित आहे. गटाराच्या मॅनहोलमध्ये व मैल्याच्या टाकीत हवा कोंडलेली असते. मैला कुजताना जीवाणू तेथील प्राणवायू संपवतात आणि मिथेन व हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजून माणूस उतरतो आणि काही क्षणांत कोसळतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत सख्खे भाऊ, बाप-लेक गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत येथे वापरू नये. मिथेनचा स्फोट होऊ शकतो. कोणी आत पडलाच तर स्वतः उतरू नका. अग्निशमन दलाला बोलवा आणि बाहेरून ताजी हवा आत जाईल असे पाहा.

२०१३ च्या कायद्याने गटारे व टाक्या माणसाकडून धोकादायक पद्धतीने साफ करून घेण्यास बंदी घातली आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला व २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. परंतु पैशाने श्वास परत येत नाही. यंत्र उपलब्ध असताना माणसाला आत उतरवले जाते, तेव्हा दोष केवळ वायूचा नसतो, व्यवस्थेचाही असतो. ‘मी उतरणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्या वस्तीतील प्रत्येक तरुणाला माहीत असला पाहिजे.

हे आहे म्हणून ते आहे, हा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम वातावरणात डोळ्यांदेखत दिसतो. समुद्रातील जीवाणू आहे म्हणून आपला श्वास आहे. हवेतला एक वायू वाढला म्हणून कोणाचे तरी घर तापते आहे. पुढच्या वेळी ध्यानाला बसाल, तेव्हा आत येणाऱ्या श्वासाबरोबर एवढे स्मरण ठेवा की, ही हवा कोणा एकाची नाही. ती प्रत्येकाला शुद्ध मिळावी यासाठी झटणे, हीसुद्धा मैत्रीभावनाच आहे.