सूर कुठे थांबवायचा?

जलतरंगाच्या वाटीवर काडी पडली की सूर थोड्याच वेळात आपोआप विरतो. व्हायब्राफोनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचे तसे नाही. मोकळी सोडली तर ती कितीतरी सेकंद वाजत राहते आणि पुढचे सूर गढूळ करते. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीने हे वाद्य आणले, तेव्हा त्यात सूर दाबण्याची सोय नव्हती. ती १९२७मध्ये शिकागोच्या डीगन कंपनीत हेन्री श्लूटर यांनी केली : पायाच्या पेडलने वरखाली होणारी फेल्टची एक लांब पट्टी. नवलाईची वस्तू खरे वाद्य झाली ती त्या पेडलामुळे, असे मला वाटते. या वाद्यावरची शैली ओळखू येते ती वादक सूर कुठे संपवतो त्यावरून, आणि म्हणून निरनिराळ्या शैलींचा रियाजही सूर थांबवण्यापासूनच सुरू व्हायला हवा.

पियानोत जवळजवळ प्रत्येक सुराला स्वतंत्र दाबक असतो. इथे तीन सप्तकांच्या ३७ पट्ट्यांना मिळून एकच फेल्ट. पाय उचलला की सगळे सूर एकदम मिटतात. एक ठेवून दुसरा मिटवायचा तर एका मॅलेटने, म्हणजे वाजवायच्या काडीने, नवी पट्टी वाजवताना दुसरे आधीच्या पट्टीवर हलकेच टेकवावे लागते. दोन्ही हातांत दोन-दोन मॅलेट धरणारे जॅझवादक गॅरी बर्टन यांनी हे तंत्र असे पेलले, की सुरावट आणि तिच्याखालची सुरांची जुळणी एकाच वादकाकडून स्वच्छ ऐकू येऊ लागली. पट्ट्यांखालच्या नळ्यांतल्या चकत्या फिरवून सूर हेलकावणारी मोटर ते सहसा बंदच ठेवत. जॅझवादक मिल्ट जॅक्सन यांनी ती मंद ठेवली. त्यांचा लांब सूर श्वासासारखा हेलकावतो, आणि त्या हेलकाव्याला जागा मिळावी म्हणून तो धरून ठेवावा लागतो. संगीतकार पिएर बुलेझ यांनी १९५५च्या ‘ल मार्तो सां मेत्र’ या आपल्या रचनेतल्या व्हायब्राफोनचे नाते बालीच्या गेंदेर या वाद्याशी सांगितले होते. गेंदेरवादकही पुढची पट्टी वाजवता वाजवता मागची हाताच्या कडेने दाबतो.

शैली तर लयीत असते, जॅझमधल्या स्विंगचा झोल आघातातच असतो, असा आक्षेप कुणी घेईल. पण आघाताने सुराचा फक्त आरंभ ठरतो. स्विंगमध्ये कोणता सूर लांब आणि कोणता आखूड, हे तो कधी दाबला यावर अवलंबून असते. म्हणजे लयीचा निम्मा हिशेब पायाकडे आहे. नवशिक्याला आधी नुसते वाजवू द्यावे, हा सल्ला मला त्यामुळेच पटत नाही. गढूळ नादाची सवय झालेला कान पुढे तो नाद गढूळ आहे हेच ओळखत नाही. व्हायब्राफोनवादक डेव्हिड फ्रीडमन यांनी १९७३मध्ये केवळ दाबणे आणि पेडल यांवर अभ्यासाचे पुस्तक लिहिले, ते याच गरजेतून. एकच साधी धून घ्यावी. आधी पेडल पूर्ण दाबून ठेवून सूर फक्त मॅलेटने मिटवत, मग फेल्ट जेमतेम टेकेल इतक्या अर्ध्या पेडलवर, मग मोटर मंद लावून वाजवावी.

रागसंगीताशी मात्र हा युक्तिवाद अडतो, कारण तिथे सूर कुठे संपतो याइतकेच तो पुढच्या सुरावर कसा सरकतो हेही महत्त्वाचे. मोटरने सुराची तीव्रता हलते, उंची नाही. कठीण मॅलेट पट्टीच्या दोरीजवळच्या जागेवरून मध्याकडे दाबत सरकवले तर सूर किंचित उतरतो, पण खालीच आणि थोडासाच. गंधारावरून पंचमापर्यंतची मींड त्यातून निघत नाही.