जहाज, तेल आणि कायदा : इंजिनिअरने एलएल.एम. करावं का?

'मेकॅनिकल करून कायदा? मग चार वर्षं कशाला घालवलीस?' हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर आता पाठ झालंय. बी.ई.नंतर मी तीन वर्षांचं एलएल.बी. केलं आणि मग ब्रिटनमध्ये सागरी व ऊर्जा कायद्यात एलएल.एम. तिथे नक्की काय शिकवतात आणि वाटेत खड्डे कुठे आहेत, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

सुरुवात एका इंजिन रूमपासून करू. १९५७ साली 'हाँगकाँग फर' नावाचं जहाज २४ महिन्यांच्या भाड्याने दिलं गेलं. इंजिनं जुनी, ती सांभाळणारी माणसं अपुरी आणि अकुशल. सुरुवातीच्या काही महिन्यांतच सुमारे २० आठवडे दुरुस्तीत गेले. दरम्यान बाजारात भाडं कोसळलं, तेव्हा भाडेकरू कंपनीने करारच मोडला. जहाज सदोष होतं हे कोर्टाने मान्य केलं. पण अजून जवळपास १७ महिने शिल्लक आहेत, तेव्हा नुकसानभरपाई मागा, करार मोडता येणार नाही, असं सांगितलं. १९६२ च्या निकालपत्रांत छापलेला हा खटला इंग्लिश करार कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. कलम मोडलं की करार संपला, असं सोपं गणित नाही. परिणाम किती गंभीर झाला ते बघायचं. म्हणजे आपल्यासारखं उत्तर काढून चौकट मारता येत नाही!

ऊर्जा कायद्याचा पाया असाच अपघातांवर उभा आहे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातला 'पायपर अल्फा' हा प्लॅटफॉर्म जळाला, १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलाय, ही माहिती रात्रपाळीला पोचलीच नाही. लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालानंतर नियमांची दिशाच बदलली. 'आम्ही नियम पाळले' एवढं म्हणणं पुरेना. आमचा प्लॅटफॉर्म सुरक्षित का आहे, हे चालकाने स्वतः लेखी दाखवून द्यायचं. त्याला 'सेफ्टी केस' म्हणतात. हे परक्यांचं दुखणं नव्हे. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायमध्ये एक जहाज प्लॅटफॉर्मवर आदळलं, वायूची पाइप फुटून आग लागली आणि २२ जणांचे प्राण गेले.

दुसरी बाजू कराराची. आपल्या दाभोळचंच बघा. १९९३ चा वीजखरेदी करार, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू, २००१ मध्ये प्रकल्प बंद. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, डॉलर महागला तर भुर्दंड कोणाला, वाद झाला तर कुठल्या देशात लवाद बसणार, हे सगळं कागदावर ठरलेलं असतं. टर्बाइन आपल्याला कळतो, कागद कळत नाही. पैसे बुडतात ते बहुधा कागदात.

सागरी कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जहाजाची अटक. मालक पनामात, पैसे बुडाले मुंबईत, तर दावा थेट जहाजावर! मुंबई उच्च न्यायालयाचा हुकूम झाला की शेरीफ जहाज अडकवतात. हमी भरल्याशिवाय सुटका नाही. १८६१ च्या ब्रिटिश कायद्यावर आपण पार २०१७ पर्यंत भागवत होतो. त्या वर्षी भारताने स्वतःचा कायदा केला.

आता कुठे शिकायचं? साउदम्प्टन आणि स्वान्झी ही नौवहन कायद्याची जुनी ठिकाणं. ऑस्लोची १९६३ ची संस्था सागरी कायद्याबरोबर पेट्रोलियम व ऊर्जा कायदाही हाताळते. मात्र २०२३ पासून नॉर्वेत युरोपबाहेरच्यांना फी पडते, 'तिथे फुकट शिक्षण' हे आता विसरा. माल्टात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची १९८८ ची कायदा संस्था आहे. स्वीडनमधल्या माल्मोच्या जागतिक सागरी विद्यापीठात एम.एस्सी.च्या वर्गात इंजिनिअर आणि बोटीवरचे अधिकारीही असतात.

आणि आता नीट ऐका, कारण इथेच लोक फसतात. एलएल.एम.ला बहुतेक ठिकाणी आधी कायद्याची पदवी लागते. काही विद्यापीठं थेट इंजिनिअरलाही घेतात, पण त्या पदवीवर सनद मिळत नाही! महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे जायचं तर एलएल.बी. हवंच. ब्रिटनमध्येही नुसत्या एलएल.एम.वर सॉलिसिटर होता येत नाही. वेगळी परीक्षा आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो. घर गहाण ठेवून कर्ज काढण्याआधी आई-वडिलांना हे स्पष्ट सांगा.

मग उपयोग काय? जहाज विमा, अपघात तपासणी, बंदरं, तेल कंपन्यांचे करार विभाग, लवाद. इंजिनचं लॉगबुक वाचता येणारा वकील आणि करार वाचता येणारा इंजिनिअर, दोघेही दुर्मिळ. माझा सल्ला विचाराल तर आधी दोन-तीन वर्षं नोकरी करा, एलएल.बी. इथेच करा, मग परदेशाचं बघा. वर्षभराचा तो अभ्यासक्रम म्हणजे आठवड्याला शेकडो पानं वाचन आणि शेवटी उन्हाळाभर प्रबंध. आपली सबमिशनच्या आदल्या रात्रीची जागरणं तिथे कामी येत नाहीत. वाचनाची सवय मात्र आजपासून लावता येईल. शुभेच्छा!