माइनक्राफ्टमधले गाजर

माइनक्राफ्टमध्ये गाजर आले 2012 साली, बटाट्याच्या जोडीने. त्याचे बी मिळत नाही. गाजरच जमिनीत लावायचे. पहिले गाजर मिळवणे हीच खरी कटकट. गावकऱ्यांच्या शेतात ते सापडते, नाहीतर मेलेल्या झोंबीकडून क्वचित हाती लागते.

पुढचे सोपे आहे. गवत किंवा मातीचा ठोकळा नांगरायचा आणि पाणी चार ठोकळ्यांच्या आत ठेवायचे. 9 बाय 9 च्या वाफ्यात मधोमध पाण्याचा एक ठोकळा पुरतो. उजेड हवा, पण मशालीचाही चालतो, त्यामुळे भुयारातही शेती होते. वाफ्यात उड्या मारल्या तर मशागत फुकट जाते. सशांपासूनही सांभाळावे, ते उभे पीक खातात. शेंड्यांखाली केशरी गाजरे डोकावली की काढणीला हरकत नाही. घाईने उपटलेल्या रोपातून एकच गाजर परत मिळते, म्हणजे मेहनत वाया.

कच्चे गाजर भुकेचे 3 अंक भरून काढते. ठीक आहे, पण भाजलेला बटाटा 5 देतो. गाजराचे खरे मोल सोन्यात. त्याच्याभोवती सोन्याचे 8 कण मांडले की सोनेरी गाजर होते. ते 6 अंक देते आणि पोट बराच वेळ भरलेले ठेवते; माझ्या मते लांबच्या भटकंतीला याहून चांगली शिदोरी नाही. अंधारात दिसण्याचे औषधही त्यातूनच बनते. शिवाय मासेमारीच्या गळाला साधे गाजर लावून, खोगीर घातलेल्या डुकरावर बसून हवे तिकडे जाता येते. वेग मात्र बेताचाच.