राजवाडा ते कराची, व्हाया कबीर

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं जुनं घर. रात्री सराफ्यातून भुट्टे का कीस खाऊन परतलो की आजी कुमारजींची निर्गुणी भजनं लावायची. आम्हा नातवंडांच्या लेखी ती फक्त 'आजीची गाणी'.

गेल्या महिन्यात शबनम विरमाणी यांचे २००८ मधले दोन माहितीपट पाहिले. 'कोई सुनता है'मध्ये कुमार गंधर्व भेटतात. बेळगावकडचे कुमारजी १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन आपल्या शेजारच्या देवासला आले. काही वर्षं गाणं बंद होतं. त्या काळात माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली आणि बरे झाल्यावर त्यांच्या गाण्यात उतरली.

'हद-अनहद' तर सरहद्दच ओलांडतो. इकडे माळव्यातले प्रह्लादसिंह टिपाणिया तंबुऱ्यावर कबीर गातात, तिकडे कराचीत फरीद अयाज कव्वालीत.

कव्वाली सुरू झाली तशी आजी म्हणाली, "हे रे काय लावलंस?" दहा मिनिटांनी तिची बोटं पलंगाच्या काठावर ताल धरत होती. मग म्हणाली, "शब्द तर आपलेच आहेत की!"

टिपाणियाजींच्या माळवी शब्दांवर मी अडलो. आजीने एकेक उलगडून सांगितला. सबटायटलमध्ये इतकं नव्हतं.

तेव्हा मंडळी, हे माहितीपट हेडफोन काढून, घरच्या मोठ्यांना शेजारी बसवून पाहा. अर्थ सांगणारं माणूस घरात आहे तोवरच.