शेपटीतली रस्सीखेच

कागदी विमानाच्या पंखांच्या मागच्या कडा किंचित वर दुमडल्या की विमानाचे नाक वर जाते, खाली दुमडल्या की खाली. हा प्रयोग आपण वर्गात सहज करू शकतो. प्रवासी विमानात हेच काम शेपटीचा आडवा पंख करतो.

या पंखाचे दोन भाग असतात. मागची लहान पट्टी म्हणजे एलेव्हेटर. वैमानिकाने दांडा पुढे-मागे केला की ती लगेच हलते. पुढचा मोठा भाग म्हणजे स्टॅबिलायझर. तो मोटरने काही अंशांतून सावकाश फिरतो. इंधन खर्च होते, वेग बदलतो, तसा विमानाचा तोल बदलतो. तो सांभाळायला दांडा सतत रेटून धरला तर हात भरून येतील. म्हणून स्टॅबिलायझरचा कोन बदलून तोल साधतात. यालाच ट्रिम म्हणतात. बहुतेक वेळ स्वयंचालक हे काम मुकाट्याने करत असतो.

पण माणूस आणि यंत्र यांचे हेतू वेगळे झाले तर? २६ एप्रिल १९९४ रोजी जपानमधील नागोया येथे चायना एअरलाइन्सचे एअरबस ए-३०० विमान उतरत होते. सहवैमानिकाच्या हातून चुकून 'पुन्हा वर चला' ही आज्ञा दिली गेली आणि त्या स्थितीतच स्वयंचालक सुरू झाला. वैमानिक दांडा पुढे रेटून नाक खाली आणू पाहत होता. स्वयंचालक स्टॅबिलायझर फिरवून नाक वर नेऊ पाहत होता. दोन्ही ओढी एकमेकींना झाकत राहिल्या. पुढे स्वयंचालक बंद केला, तरी स्टॅबिलायझर जवळजवळ टोकाला गेलेला होता, तो तिथेच राहिला. मग इंजिनांचा जोर वाढला. इंजिने पंखांखाली असल्याने जोर वाढताच नाक आणखी उचलले जाते. विमान उभे चढले, वेग गमावून कोसळले. २७१ पैकी २६४ जण दगावले.

दांडा जोराने रेटताच स्वयंचालक सुटावा, अशी सुधारणा निर्मात्यांनी आधीच सुचवली होती. या विमानात ती झालेली नव्हती.

२०१८ व २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत उलटे घडले. एकाच संवेदकाच्या चुकीच्या नोंदीवरून यंत्रणा पुन्हा पुन्हा नाक खाली ढकलत राहिली. ३४६ जीव गेले. आता ती यंत्रणा दोन संवेदकांच्या नोंदी ताडून पाहते.

आपण मुलांना शिकवतो, की वस्तू स्थिर असली तरी तिच्यावर बले असू शकतात. रस्सीखेचीत दोर जागचा हलत नाही तेव्हाही तो ताणलेला असतो. नागोयाच्या वैमानिकांना तो ताण वेळेवर दिसला नाही.