मोटारीच्या इंजिनाचे बेअरिंग कसे निवडावे?

बैलगाडीच्या आसाला वंगण का घालतात, हे खेड्यातल्या मुलाला शिकवावे लागत नाही. मोटारीच्या इंजिनातही असाच एक आस असतो. त्याला क्रँकशाफ्ट म्हणतात. दट्ट्ये खालीवर होतात आणि त्यांना जोडलेले दांडे या क्रँकशाफ्टला मिनिटाला हजारो फेरे फिरवतात. तो जिथे टेकतो आणि जिथे दांडे त्याला धरतात, तिथे दोन अर्धगोल पाकळ्यांचे बेअरिंग बसवलेले असते. पाकळी पोलादाची, आतून मऊ धातूचा थर. कथील, अँटिमनी व तांबे यांचा असा मिश्रधातू १८३९ साली अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी तयार केला. तेलातून कचऱ्याचा बारीक कण आला तर तो या मऊ थरात रुततो, आणि महागडा क्रँकशाफ्ट वाचतो.

आता इंजिनात ठोका येऊ लागला, मिस्त्रीने इंजिन खोलले, बेअरिंग झिजलेले निघाले. पुष्कळ मालक ते जुने बेअरिंगच दुकानात नेतात आणि म्हणतात, “अगदी असेच द्या.” पण झिजलेल्या वस्तूचे माप ते काय घ्यायचे? माप घ्यायचे क्रँकशाफ्टचे, आणि तेही मायक्रोमीटरने. एकाच जागी आडवे व उभे असे दोनदा मोजा. दोन मापांत कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक आला, तर दांडा लांबट गोल झाला असे समजा. तिथे कितीही चांगले नवे बेअरिंग घातले तरी टिकणार नाही. क्रँकशाफ्ट आधी घासून गोल करून घ्यावा लागतो.

घासल्यावर तो बारीक होतो, म्हणून बेअरिंग जाड लागते. गुरुजनांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. ५० मिलिमीटर जाडीचा दांडा घासून ४९.७५ झाला, तर ‘०.२५ अंडरसाइझ’ शिक्क्याचे बेअरिंग हवे. मग प्रत्येक पाकळी किती जाड झाली? त्याच्या निम्मी, ०.१२५ मिलिमीटर, कारण दांड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाकळी आहे.

दांडा आणि बेअरिंग यांच्यात तेलासाठी फट राहावी लागते. ५० मिलिमीटरच्या दांड्याला ती सुमारे ०.०५ मिलिमीटर असते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यावा. फट जास्त झाली तर तेल बाहेर निसटते, दाब उतरतो, ठोका पुन्हा सुरू. कमी झाली तर तेलाचा पदर बनत नाही, धातूवर धातू घासतो, मऊ थर वितळतो आणि इंजिन जाम होते.

आणखी एक गोष्ट. माप जुळले म्हणून पेट्रोलच्या इंजिनाचे बेअरिंग डिझेलला घालू नये. डिझेलमध्ये दाब मोठा, त्याला थरही अधिक दणकट लागतो. ढिले बेअरिंग घट्ट करण्यासाठी पाठीमागे कागद किंवा पत्रा घालणे, टोपी कानशीने घासणे, हे उपाय कोणी सुचवले तर साफ नाही म्हणा.

शेवटी, जुने बेअरिंग टाकून देऊ नका. ते हातात घेऊन पाहा. ओरखडे असतील तर तेल घाण होते. काळे पडून वितळले असेल तर तेल पोचतच नव्हते. ते कारण दूर केल्यावरच नवे बेअरिंग बसवा. नाहीतर तोच खर्च वर्षभरात पुन्हा दारात उभा राहील.